‘फ्यू’ अन् ‘अ फ्यू’ मधे फरक काय हाये? अन् हा ‘द’ नेमका कुठं ठेवाचा?

पऱ्हाटीतला_परीक्षार्थी
राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दिग्रसपासून आत गाव हाये. बीए झालं, दोन वर्ष झाले तलाठी भरतीचा अभ्यास करून राह्यलो, सकाळी वावरात अन् दुपारी तालुक्याच्या अभ्यासिकेत. गणित जमते, जीके पाठ हाये, मराठी तं आपलीच हाये, पण इंग्रजीनं मार खाल्ला. मागच्या पेपरात १०० प्रश्न होते २०० मार्काचे, त्यातले २५ इंग्रजीचे, अन् त्या २५ मधे आर्टिकल अन् क्वांटिफायरचे (किती हाये ते सांगणारे शब्द) जेवढे होते तेवढे सारे चुकले माहे. डोळे मिटून गोल काळे केले असते तरी चारातून एखादा बरोबर आला असता, म्हणजे मी अभ्यास करून करून चुकवले.

आता नेमकं काय समजत नाही ते सांगतो. ‘फ्यू’ म्हणजे थोडे. ‘अ फ्यू’ म्हणजे बी थोडे. ‘लिटल’ म्हणजे थोडं अन् ‘अ लिटल’ बी थोडं. क्लासच्या सरले इचारलं तं ते म्हणाले फ्यू निगेटिव्ह अन् अ फ्यू पॉझिटिव्ह, पाठ करून टाक. केलं पाठ. पण पेपरात वाक्य समोर आलं की कोणतं निगेटिव्ह अन् कोणतं पॉझिटिव्ह तेच कळत नाही. तीन बैल म्हणजे तीनच ना बाप्पा, त्यात निगेटिव्ह काय असते?

मंग ते आर्टिकल. आपल्यात हा प्रकारच नाही, ‘बैल कुठं हाये’ म्हटलं का झालं. त्याईच्यात अ, नाही तं ॲन, नाही तं द, नाही तं काहीच नाही, अन् त्या काहीच-नाही ले बी ‘झिरो आर्टिकल’ असं नाव हाये म्हणे. नसलेल्या गोष्टीचं बी बारसं करून ठेवलं यांनी.

अन् शेवटचं. मजुराईचे पैसे शनिवारी मी सोता मोजून देतो, अन् पुस्तक म्हणते का मनी अनकाउंटेबल हाये. हे कसं काय?

आपल्या भाषेत कोणी सांगाल का? यूट्यूबवर सारे इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवतात, म्हणजे पोहणं शिकाले गेलो तं मास्तर विहिरीतूनच आवाज देऊन राह्यला.

वणीचा_वाघ
मनी अनकाउंटेबल हाये हे लिहिणाऱ्यापाशी तेवढा असन भाऊ. आपल्याकडचा काउंटेबलच हाये, लवकर मोजून होते.

आर्वीचे_गुरुजी
पोरा, तुझ्या सरांनी सांगितलं ते चूक नाही, पण अर्धवट आहे. मी तीस वर्षं खेड्यातल्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं इंग्रजी, तेव्हा पाचवीपासून असायचं, २००० पासून पहिलीपासून आलं. हा फ्यू-अ फ्यू मी पण आधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणूनच शिकवायचो आणि पोट्टे असेच तोंडाकडे पाहत राहायचे. मग एक दिवस लक्षात आलं की हे आपल्या मराठीत आहेच की, फक्त दुसऱ्या जागी आहे.

हे दोन वाक्यं मोठ्यानं म्हण. ‘ग्रामसभेला थोडेच लोक आले.’ ‘ग्रामसभेला थोडेफार लोक आले.’ समज दोन्ही वेळा लोक बाराच होते. पहिल्यात बोलणारा कुरकुर करून राहिला, दुसऱ्यात त्याला समाधान आहे, चला कोरम नाही झाला पण माणसं तर दिसले. बस. ‘थोडेच’ म्हणजे फ्यू आणि ‘थोडेफार’ म्हणजे अ फ्यू. आकडा तोच, बोलणाऱ्याचं मन वेगळं. तू बैल मोजत बसला म्हणून फसला, मोजायचं आहे ते बोलणाऱ्याचं तोंड.

पाण्याचंही तसंच. एप्रिलमधे विहिरीत मोटर टाकली आणि दहा मिनिटात हवा मारायला लागली, तर ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’, म्हणजे थोडंच आहे, नसल्यात जमा. आणि त्याच विहिरीकडं पाहून शेजारी म्हणतो का एक ओलित तर होऊन जाईल, तर ‘देअर इज अ लिटल वॉटर’. म्हणून पेपरात वाक्याचा दुसरा भाग पहिले वाचायचा. पुढं ‘म्हणून पीक गेलं’ असं काही असेल तर ‘च’ वाला, म्हणजे अ नाही. पुढं ‘म्हणून निभावलं’ असेल तर ‘फार’ वाला, म्हणजे अ आहे.

एक फसवणारी जागा सांगून ठेवतो. ‘ओन्ली अ फ्यू पीपल केम’. इथं अर्थ थोडेच असा आहे, तरी अ आहे. कारण तुझा ‘च’ त्या ओन्लीत जाऊन बसला, आता तो दोनदा लागत नाही. म्हणून ओन्ली दिसलं की डोळे मिटून अ फ्यू, अ लिटल. उलट ‘व्हेरी’ आणि ‘सो’ दिसलं की अ काढून टाकायचा, व्हेरी फ्यू, सो लिटल. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ आलं तर त्याचा अर्थ थोडे नाहीच, आपलं ‘गंज’. लग्नाला क्वाइट अ फ्यू लोक आले म्हणजे पंगत कमी पडली.

द फ्यू पण येतो कधीमधी. जे काही थोडे होते ते सारेच्या सारे. ‘द लिटल कॉटन आय हॅड, आय सोल्ड.’ घरात होता तेवढा उलसाक कापूस, तोही विकून टाकला.

सेलूची_शेवंता
गुरुजी, हे मला पाच वर्षं आधी कोणी सांगितलं असतं ना तर बरं झालं असतं. नागपूरला एका ऑफिसात इंटरव्ह्यूले गेली होती, समोरचे साहेब म्हणाले कम्प्युटरचा अनुभव आहे का, मी लय कॉन्फिडन्समधे म्हटलं ‘सर, आय हॅव लिटल एक्सपीरियन्स’. मला म्हणायचं होतं थोडाफार आहे, तालुक्याच्या सेतू केंद्रात आठ महिने बसली होती मी. साहेबांनी मान हलवली अन् पुढचा प्रश्नच नाही विचारला, थँक यू म्हणून मोकळे झाले. आता समजलं का मी त्यांना तोंडानं सांगितलं की मला काही येत नाही. एका ‘अ’ पायी गेलं. आता नोकरी तेवढ्यानंच गेली असं नाही म्हणत मी, बाकी पण दिवे लावले असतील.

पऱ्हाटीतला_परीक्षार्थी
गुरुजी पाया पडतो. थोडेच अन् थोडेफार! दोन वर्षं क्लासची फी भरली मी.

पण एक शंका. अ म्हणजे एक ना? मंग फ्यू तं अनेकवचनी हाये, लोक बारा हायेत, तिथं एक काऊन लावला?

आर्वीचे_गुरुजी
चांगला प्रश्न आहे, मला कोणी विचारला नव्हता. ‘एक डझन केळं’ म्हणतो ना आपण? केळं बारा, डझन एक. अ डझन, अ हंड्रेड, अ फ्यू, तिन्ही एकाच घरातले. माणसं अनेक, घोळका एक. आपण तर याच्याही पुढं आहोत, आपण सरळ आकडाच देऊन टाकतो. ‘चार लोकात शोभेल असं वाग’, ‘अध्यक्षांनी दोन शब्द बोलावे’. अध्यक्ष दोन शब्द बोलून कधी बसला आहे का? हे चार आणि दोन म्हणजेच अ फ्यू. भाषांतरात ‘दोन शब्द’ आले आणि तू ‘टू वर्ड्स’ लिहिलं तर गोऱ्याला वाटेल का अध्यक्ष ‘जय हिंद’ म्हणून खाली बसला.

वरूडचा_संत्रावाला
अ अन् ॲन चं मी सांगतो, बाकी ग्रामरशी आपलं काही लेनदेन नाही, पण हे एवढं पक्कं हाये. शाळेत शिकवते का ए-ई-आय-ओ-यू च्या आधी ॲन. हे चूक हाये. अक्षराचा संबंध नाही, आवाजाचा हाये. अन् आवाज पाहाचा असन तं त्या इंग्रजी स्पेलिंगकडं पाहूच नका, शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आला तं ॲन, व्यंजन आलं तं अ.

अवर लिहिलं, अ आला, ‘ॲन अवर’. तिकडं स्पेलिंगमधे एच हाये, असू द्या. ऑनेस्ट, ऑ आला, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. युनिव्हर्सिटी, य आला, ‘अ युनिव्हर्सिटी’, तिकडं यू हाये तरी. वन-वे रोड, व आला, ‘अ वन-वे रोड’. युनिफॉर्म अ, अंब्रेला ॲन. अन् शॉर्टफॉर्म तं एकदम सोपे. एमएलए, ए आला, ‘ॲन एमएलए’. एफआयआर, एसएमएस, एक्स-रे, एसटी बस, एचएससी सर्टिफिकेट, सारे ॲन. यूपीआय पेमेंट, बीए डिग्री, पीआय, सारे अ. माहा पोट्टा दहावीले हाये, त्यानं हे दहा मिनिटात केलं. त्याच्या इंग्लिश मीडियमच्या मामेभावाचं अजून ‘ॲन युनिफॉर्म’ चालू हाये.

अन् हा ॲन मोठा चोर हाये, न खाते. आता मृगाच्या बहाराचा तोडा चालू हाये आमचा, म्हणून हे आठवलं. ऑरेंज हा शब्द मूळ आपलाच, संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, आपण अजून नारिंगी म्हणतोच. स्पेनच्या भाषेत आजबी न शाबूत हाये. पण फ्रेंच अन् इटालियन लोकाईच्या तोंडात आधीच्या आर्टिकलमधला न अन् फळाचा न एकमेकात गुतले अन् फळाचा न गेला, इंग्रजांनी ते बिनानचं फळ फ्रेंचांकडून घेतलं. खुद्द इंग्रजीत बी असे झाले हायेत. ॲप्रन पहिले ‘नॅप्रन’ होता, ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता ‘ॲन ॲप्रन’ झाला, त्याचा भाऊबंद नॅपकिन मात्र न सांभाळून बसला. क्रिकेटचा अंपायर पहिले ‘नोम्पेर’ असा काहीतरी होता, म्हणजे दोघांच्या जोडीत नसलेला तिसरा, त्याचा बी न ॲननं खाल्ला. अन् निकनेममधे उलटं झालं, मूळ ‘ॲन एकनेम’, एकनेम म्हणजे जास्तीचं नाव, तिथं ॲनचा न शब्दाले चिपकला अन् ‘अ निकनेम’ झालं. एका घरचा न दुसऱ्या घरी, शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, कोरल्यासारखं. आमच्याकडं याच्यासाठी तहसीलात केस चालते.

नेरची_ताई
संत्रावाले भाऊ, युक्ती एक नंबर आहे पण तिच्यात एक भोक आहे, आमच्या क्लासात दर वर्षी कोणीतरी त्यात पडतेच. आपण मराठीत ‘इयर’ लिहितो, कान पण इयर अन् वर्ष पण इयर, न्यू इयर लिहितो ना आपण. तुमच्या हिशेबानं दोघांनाही ॲन लागेल. पण वर्ष म्हणजे खरा उच्चार ‘यिअर’ आहे, य आहे तिथं. म्हणून ‘ॲन इअर’ म्हणजे कान अन् ‘अ यिअर’ म्हणजे वर्ष. ‘आय वेटेड फॉर ॲन इयर’ लिहिलं तर कानासाठी थांबली असा अर्थ होते. तेवढा एक शब्द लक्षात ठेवा, बाकी युक्ती चालते. अन् हो, जे लोक ‘हॉनेस्ट’ म्हणतात त्यांनी आधी उच्चार सुधारा, मग युक्ती वापरा.

मी खाजगी क्लास घेते, इंग्रजीच शिकवते, म्हणून मनीचं पण सांगून टाकते. परीक्षार्थी भाऊ, तुम्ही शनिवारी मनी मोजत नाही, तुम्ही रुपये मोजता. ‘वन मनी, टू मनी’ असं कोणी म्हणते का? रुपी मोजतात, नोट मोजतात. जसं तुम्ही धान्य मोजत नाही, पोते मोजता. म्हणून ‘मेनी रुपीज’ पण ‘मच मनी’. हेच टाइमचं, ‘मच टाइम’ म्हणजे वेळ अन् ‘मेनी टाइम्स’ म्हणजे खूपदा, तो वेगळा शब्दच समजा.

आता मोजता येते की नाही हे दर वेळी कसं ओळखाचं. क्लासमधे मी सांगते का पहिले मराठीकडं पाहा, अर्ध्याच्या वर शब्दात मराठी अन् इंग्रजीचं जमते. माहिती. दोन माहित्या म्हणतो का आपण? नाही. इन्फर्मेशनही तसंच, इन्फर्मेशन्स नाही. सामान, सामानं म्हणत नाही, लगेजही तसंच. कापूस, तांदूळ, दूध, तूर विकून आलेला पैसा, सगळं जमते. कापसाला आपण क्विंटल लावतो, जिनिंगवाले गाठ लावतात १७० किलोची, इंग्रजीतही ‘अ क्विंटल ऑफ कॉटन’, ‘अ बेल ऑफ कॉटन’. इथपर्यंत काहीच पाठ कराचं नाही.

पाठ फक्त तेवढे कराचे जिथं मराठी मोजते अन् इंग्रजी मोजत नाही. आपण दोन सल्ले देतो, ॲडव्हाइस दोन होत नाहीत. आपण बातम्या ऐकतो, न्यूज एकच, ‘द न्यूज इज’. पुरावे गोळा करतो, एव्हिडन्स गोळा होते पण अनेक होत नाही. मला चार कामं आहेत, तिथं ‘फोर वर्क्स’ नाही. डोक्यावरचे केस अनेक, हेअर एक. लाकडी सामान घ्या, फर्निचर, त्याला एस लावून दुकानाच्या बोर्डावर लिहिलेलं मी तर रोज पाहते. यांना ‘अ’ पण लागत नाही, कारण अ म्हणजे मुळात एकच, जुन्या इंग्रजीत एक याच शब्दाचा घासून घासून अ झाला. जे मोजताच येत नाही त्याला एक कसं लावणार. म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक अन् ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बरोबर.

अन् पाण्याचं तर आपलं भलतंच आहे. माझ्या बाबांनी फोनवर सांगितलं, गव्हाले पाच पाणी झाले. आपण पाणीच मोजतो! क्लासमधे एकानं ‘फाइव्ह वॉटर्स’ लिहून आणलं होतं, मला हसू पण आलं अन् वाईट पण वाटलं, कारण त्याचं मराठी डोकं बरोबरच होतं. तिथं ‘वी वॉटर्ड द व्हीट फाइव्ह टाइम्स’ म्हणावं लागते. पाणी नाही, पाळ्या मोजाच्या.

वणीचा_वाघ
ताई, मंग ढोरं?

नेरची_ताई
ढोरं उलटी. कॅटल शब्द दिसायला एकवचनी, चालतो अनेकवचनी. ‘द कॅटल आर इन द फील्ड’, शेजाऱ्याच्या वावरात घुसले तरी ‘आर’. मेनी कॅटल चालते, पण ‘वन कॅटल’ म्हणता येत नाही, एकच असेल तर सरळ गाय किंवा बैल म्हणा.

अकोल्याचा_काथ्याकूट
काही गोष्टी राहिल्या त्या सांगतो, घाईत आहे. मच हा शब्द साध्या होकारी वाक्यात घुसवू नका. ‘आय हॅव मच वर्क’ व्याकरणात बसते पण बोलताना अवघडल्यासारखं वाटते, तिथं ‘अ लॉट ऑफ’. मच प्रश्नात आणि नकारात शोभतो, ‘हाऊ मच’, ‘नॉट मच’. आणि अ लॉट ऑफ हे आपल्या ‘गंज’ सारखं आहे, गंज लोक, गंज पाणी, मोजता येवो न येवो, दोन्हीकडे चालते. कन्फ्यूज झाले की अ लॉट ऑफ लिहून मोकळे व्हा.

सम होकारात, एनी प्रश्नात अन् नकारात, हे सगळ्यांना माहीत असते. फक्त चहा विचारताना प्रश्न असूनही सम येते, ‘वुड यू लाइक सम टी’. कारण तो प्रश्न नाहीच, आग्रह आहे. ‘एनी टी’ म्हटलं तर घरात चहापत्ती आहे की नाही असा वास येतो.

आणि पेपरात हमखास येणारं: ‘अ नंबर ऑफ फार्मर्स हॅव’, ‘द नंबर ऑफ फार्मर्स हॅज’. पहिल्यात शेतकरी कर्ता, दुसऱ्यात आकडा कर्ता. ‘वन ऑफ द’ नंतर नाम अनेकवचनी, ‘वन ऑफ द व्हिलेजेस’. ‘एव्हरी’ नंतर नाम एकवचनी. ‘मोस्ट ऑफ पीपल’ चूक, एक तर ‘मोस्ट पीपल’ नाही तर ‘मोस्ट ऑफ द पीपल’. आणि लेस पाण्याला, फ्यूअर माणसांना. लेस पीपल म्हणणारे मूर्ख.

सेलूची_शेवंता
लेस पीपल तर खुद्द इंग्रज पण बोलतात दादा, ऐकलं आहे मी. मूर्ख काय म्हणता.

अकोल्याचा_काथ्याकूट
बोलतात. पेपर सेट करणारे नाही बोलत. ओके, मूर्ख शब्द मागे घेतो.

पऱ्हाटीतला_परीक्षार्थी
काल रात्री हे सारं वहीत उतरवलं, लाइट गेली होती तं मोबाइलच्या टॉर्चमधे. पण ‘द’ अजून तसाच बसून हाये. गुरुजी?

आर्वीचे_गुरुजी
बसलोच होतो लिहायला, नातू मोबाइल सोडत नव्हता.

फ्यू-अ फ्यू मधे बोलणाऱ्याचं मन पाहायचं सांगितलं. अ आणि द मधे ऐकणाऱ्याचं डोकं पाहायचं. मी त्याला ‘कोणता बे?’ परीक्षा म्हणतो. तुझं वाक्य ऐकून समोरचा ‘कोणता बे?’ असं विचारेल का? विचारणार असेल तर अ. नाही विचारणार, त्याला आधीच माहीत आहे, तर द.

‘मी बाजारातून बैल आणला.’ कोणता बे? त्याला माहीत नाही. ‘आय बॉट अ बुल.’ पुढचं वाक्य, ‘बैल मारका निघाला.’ आता तो विचारणार नाही, आत्ताच तर सांगितलं. ‘द बुल’. आजीच्या गोष्टीत ‘एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या’ असतं ना, तो एक म्हणजे अ आणि तो ‘त्या’ म्हणजे द. इंग्रजांचा द मुळात आपल्या तो-ती-ते सारखाच बोट दाखवणारा शब्द होता, वापरून वापरून बोट झिजलं, नुसता इशारा राहिला. पण आपण दर वेळी ‘तो’ म्हणत नाही, ‘बैल मारका निघाला’ एवढंच म्हणतो आणि समजून घेतो. म्हणून मराठी माणूस द खातो. अ पेक्षा द जास्त खाल्ला जातो हे मी वह्या तपासून सांगतो.

ही परीक्षा कुठं कुठं चालते पाहा. सूर्य, कोणता बे कोणी विचारत नाही, द सन. विहिरीचं वर आलं, घरच्या लोकात बोलताना आपलीच विहीर, द वेल. गावातला सरपंच, एकच असतो, द सरपंच. सर्वात उंच, सर्वात जुना, तोही एकच, द टॉलेस्ट, द ओल्डेस्ट. यांची वेगळी वेगळी कलमं पाठ करायची गरज नाही.

जिथं परीक्षा चालत नाही ते मात्र पाठच करावं लागेल, तिथं रिवाज आहे, तर्क नाही. गावाच्या, शहराच्या नावाला द नाही. नदीला द आहे. माझ्यासाठी हे सगळ्यात सोपं, कारण आमच्याकडं वर्धा दोन आहेत. ‘आय लिव्ह इन वर्धा’ म्हणजे मी शहरात राहतो. ‘आय लिव्ह निअर द वर्धा’ म्हणजे मी नदीजवळ राहतो, जी तिकडं मुलताईजवळ सातपुड्यात उगवते आणि पुलगावकडून जाते. शहर काही नदीकाठी नाही. एका द नं माणूस कित्येक किलोमीटर सरकला. तसंच द पैनगंगा, द वैनगंगा. डोंगराच्या रांगेला द, ‘द सातपुडा रेंज’, ‘द हिमालयाज’, पण एकट्या शिखराला नाही, ‘माउंट एव्हरेस्ट’. तळ्याला नाही, ‘लोणार लेक’. नदीला द आणि तळ्याला नाही हे का, मला विचारू नको. देशाला नाही, पण यूएसए, यूके, नेदरलँड्स, फिलिपिन्स यांना आहे. कबड्डी खेळली तर द नाही, तबला वाजवला तर ‘प्ले द तबला’.

आणि शाळेचं. ‘द बॉय गोज टू स्कूल’, पोट्टं शिकायला जाते, द नाही. ‘हिज फादर वेंट टू द स्कूल’, बाप मतदान करायला गेला, जिल्हा परिषद शाळेत बूथ होतं. बापासाठी ती फक्त इमारत आहे, म्हणून द. शिकायला जाणं हे काम झालं, इमारत नाही राहिली. बेड, कॉलेज, जेल, सगळे असेच. ‘ही इज इन जेल’ म्हणजे आत आहे. ‘ही इज इन द जेल’ म्हणजे डबा द्यायला गेला असेल.

उच्चाराचं एक. स्वराच्या आधी द चा ‘दि’ होतो, दि ऑरेंज, दि अवर. संत्रावाल्यांची देवनागरीची युक्ती इथंही तशीच चालते.

अकोल्याचा_काथ्याकूट
हॉस्पिटलचं सांगा गुरुजी. शाळेसारखं म्हणावं तर पेशंट असेल तर ‘इन हॉस्पिटल’. पण अमेरिकेतले लोक पेशंटसाठी पण ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात.

आर्वीचे_गुरुजी
हो, बरोबर. ब्रिटिश द टाकत नाहीत, अमेरिकन टाकतात. आपले पेपर बहुतेक ब्रिटिश वळणाचे, म्हणून पेशंट असेल तर बिनाद चं. हे लिहायचं राहिलं होतं.

पऱ्हाटीतला_परीक्षार्थी
आता मी पाच वाक्य लिहिले, तपासून द्या, कोणी हसू नका.

पहिलं, पाऊस थोडाच झाला म्हणून सोयाबीन गेलं: ‘देअर वॉज लिटल रेन, सो वी लॉस्ट द सोयाबीन.’
दुसरं, माह्यापाशी थोडेफार मित्र हायेत: ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स.’
तिसरं, सरनं मले दोन सल्ले दिले: ‘सर गेव्ह मी टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस.’
चौथं, मी एका तासात येतो: ‘आय विल कम इन ॲन अवर.’
पाचवं, आमच्या गावात एसटी येते: ‘ॲन एसटी बस कम्स टू अवर व्हिलेज.’

नेरची_ताई
पहिले चार एकदम बरोबर. पहिल्यात ‘द सोयाबीन’ पण मुद्दाम लावलं ना, आपलंच, वावरातलं? छान. अन् चौथ्यात अवर अन् पाचव्यात पण अवर, एक तास अन् एक आमचं, बरं झालं दोघांची गल्लत नाही केली.

पाचव्यात ॲन बरोबर आहे, आवाज ए चा आहे. पण ॲन पाह्यजे का द, हे गुरुजींना विचारा.

आर्वीचे_गुरुजी
ते तुझ्या गावावर आहे. दिवसाला किती येतात?

पऱ्हाटीतला_परीक्षार्थी
एकच येते गुरुजी. सकाळी साडेनऊले. सारं गाव तिच्यावरच घड्याळ लावते.

आर्वीचे_गुरुजी
म्हणजे कोणी ‘कोणती बे?’ विचारत नाही. आपसात बोलताना ‘दि एसटी बस’. परक्याला पहिल्यांदा सांगत असशील तर तुझा ॲन ठीक.

वणीचा_वाघ
अन् ज्या दिवशी येतच नाही त्या दिवशी?

वरूडचा_संत्रावाला
झिरो आर्टिकल.